गॉथिक कादंबरीवरचा सिनेमा मुळाला धरून का हवा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'पुस्तकात हे असं नाही' असं कुठल्याही रूपांतराबद्दल लिहिलं की पत्रं येतात. काही चिडून लिहिलेली, काही खऱ्या कुतूहलानं. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. कथानकांची रहस्यं बिनदिक्कत फोडली आहेत, तेव्हा पुस्तकं अजून वाचायची असतील तर थेट प्रश्न ११ वर जा आणि मग ठरवा.

१. गॉथिक कादंबरी म्हणजे नेमकं काय? भुताची गोष्ट ती हीच का?

भुताच्या गोष्टीत भूत लागतंच. गॉथिकमध्ये ते नसलं तरी निभावतं. लागतं ते एखादं जुनं घर, त्या घरानं दाबून ठेवलेली जुनी भानगड आणि ती भानगड अर्धीमुर्धीच ठाऊक असलेला माणूस. होरेस वॉल्पोलचं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ साली आलं आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीवर 'अ गॉथिक स्टोरी' असं छापलं गेलं. नाव चिकटलं ते तिथून. गंमत म्हणजे पहिल्या आवृत्तीवर वॉल्पोलनं स्वतःचं नावच घातलं नव्हतं. एक जुना इटालियन ग्रंथ सापडला, त्याचा हा अनुवाद, अशी चक्क थाप मारली होती. 'मी सांगत नाही, मला हे सापडलं' हा डाव या प्रकारात जन्मापासून आहे. पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ या डावात आहे.

२. 'मुळाला धरून' म्हणजे शब्दन् शब्द तसाच का?

नाही. तसं केलं तर सिनेमा आठ तासांचा होईल आणि तरी कंटाळवाणाच होईल. पात्रं गाळा, प्रसंग जोडा, संवाद नव्यानं लिहा, काळ बदलायचा तर तोही बदला. माझा हट्ट तीनच गोष्टींचा आहे: गोष्ट कोण सांगतंय, त्याला किती ठाऊक आहे आणि आपल्याला ते कधी कळतं. गॉथिक कादंबरीतली भीती या तीन गोष्टींच्या जुळणीत असते. वाडा, वटवाघळं, वादळ ही सजावट झाली, आणि रूपांतरकार नेमकी ती जपतात.

३. निवेदकाला एवढं महत्त्व कशाला? पडद्यावर तर सगळं दिसतंच.

सगळं दिसतं हीच तर अडचण आहे.

एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स'चा (१८४७) शेवट पाहा. नायक हीथक्लिफ मेलेला आहे. घरकाम करणारी नेली डीन पाहुण्याला सांगते की एका संध्याकाळी वाटेत एक पोरगा भेटला. पुढ्यात एक मेंढी आणि दोन कोकरं, आणि पोरगा ओक्साबोक्शी रडतोय. का, तर तिकडे हीथक्लिफ आणि एक बाई उभी आहे, आणि त्यांच्यासमोरून जायची त्याची छाती होत नाही. नेलीला स्वतःला काही दिसत नाही. मेंढी मात्र पुढे जायला तयार नसते. वर नेली म्हणते, पोरानं ऐकीव गोष्टींवरून मनाचे खेळ केले असतील. हे भूत आपल्यापर्यंत येतं ते पोरगा, नेली, पाहुणा अशा तीन तोंडांतून, आणि त्यातल्या मधल्या तोंडाचा त्यावर विश्वास नाही. पण ती मेंढी काही केल्या डोक्यातून जात नाही.

१९३९च्या सिनेमात त्या जागी दोन आकृत्या हातात हात घालून बर्फातून चालत जाताना दिसतात. तो शॉट दिग्दर्शक विल्यम वायलरला नको होता. निर्माता सॅम्युअल गोल्डविननं हट्टानं घालायला लावला, तोही बदली नट वापरून. दिसलं खरं, पण प्रेक्षकाला पडायची ती शंका तिथेच संपली.

४. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस मुका, मानेत खिळे ठोकलेला, आडदांड. पुस्तकात तो तसाच नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. फ्रँकेनस्टाइन हे शास्त्रज्ञाचं नाव, हे आता बहुतेकांना माहीत असतं. बाकीचं माहीत नसतं.

मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत जन्माचा प्रसंग एवढासा आहे. नोव्हेंबरची रात्र, एक वाजलेला, काचांवर पावसाची रिपरिप, मेणबत्ती विझत आलेली, आणि त्या मिणमिणत्या उजेडात एक निस्तेज पिवळा डोळा उघडतो. वीज कडाडत नाही, टेबल छतापर्यंत चढत नाही. काळेभोर चमकदार केस आणि मोत्यांसारखे दात असलेलं ते शरीर हलतं, आणि शास्त्रज्ञ व्हिक्टर काय करतो? पळून जाऊन अंथरुणावर पडतो आणि चक्क झोपतो! बापानं पोराकडे फिरवलेली ही पाठ म्हणजे अख्खी कादंबरी आहे.

तो प्राणी बोलतो, आणि काय बोलतो! मिल्टन आणि प्लुटार्क वाचलेला आहे. पुस्तकाच्या मधोमध कित्येक प्रकरणं त्याच्याच तोंडून येतात. त्याची वाचा रंगभूमीनं १८२३ सालीच काढून घेतली. लंडनमध्ये आलेल्या 'प्रिझम्प्शन' या नाटकात तो मुका झाला आणि शास्त्रज्ञाला फ्रिट्झ नावाचा नोकर मिळाला. १९३१च्या सिनेमानं तेच उचललं आणि वर एक भर घातली: नोकराच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी पडते, म्हणून तो गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी आणतो.

या एका बरणीनं कादंबरी उलटीपालटी केली. पुस्तकातला प्राणी वाईट होतो कारण जो भेटेल तो त्याला हाकलतो. सिनेमातला वाईट आहे कारण मालच वाईट भरला. फरक जोखायचा तर पाण्याकाठचे दोन प्रसंग शेजारी ठेवा. पुस्तकात नदीत पडलेल्या मुलीला तो बुडताना वाचवतो आणि बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी खातो. सिनेमात तो फुलं पाण्यावर तरंगताना पाहून खूश होतो आणि तीही तरंगेल असं समजून मुलीला तळ्यात टाकतो. बोरिस कार्लोफनं तो प्रसंग विलक्षण केलाय, त्याबद्दल वाद नाही. पण तो माणूस वेगळा आणि प्रश्नही वेगळा.

उलट उदाहरण म्हणून लंडनच्या नॅशनल थिएटरमधला २०११चा प्रयोग सांगतो. निक डिअरच्या त्या संहितेत मूळ पुस्तकातल्या जहाजाच्या कप्तानाची, ज्याच्या पत्रांतून सगळी गोष्ट येते त्याची, अख्खी चौकट गाळली होती. पण नाटक प्राण्याच्या जन्मापासून, त्याच्या बाजूनं सुरू होत होतं, त्याला वाचा परत मिळाली होती आणि दोन मुख्य नट रोज भूमिका अदलाबदल करत होते. माझ्या हिशेबात हे रूपांतर मुळाला धरून आहे.

५. ड्रॅक्युला उन्हात जळून जातो, हे तर मूळ पुस्तकातलंच ना?

नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत तो भर दिवसा लंडनच्या पिकाडिलीत उभा राहून एका देखण्या मुलीकडे टक लावून बघत असतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, इतकंच. गोदीत जहाज ठरवायला जातो तेव्हा डोक्यावर न शोभणारी गवती हॅट असते. उन्हानं मरण ही देणगी १९२२च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाची. तो परवानगी न घेता काढला होता. स्टोकरच्या विधवेनं दावा लावला आणि जर्मन न्यायालयानं प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, आणि ऊनही वाचलं.

उंच कॉलरचा झगा आला नाटकातून. १९२४ साली इंग्लंडमध्ये हॅमिल्टन डीननं बसवलेल्या प्रयोगात ड्रॅक्युला रंगमंचावरून गायब व्हायचा. प्रेक्षकांकडे पाठ केली की कॉलरमागे नटाचं डोकं झाकलं जाई आणि तो खालच्या झडपेतून सटके. झडपेची सोय होती ती. पुढे तो राजवेष झाला. आणि शेवट? लाकडी खुंट्याचा पत्ता नाही. पाठलाग करणाऱ्यांपैकी जोनाथन हार्करची कुकरी गळ्यावर फिरते आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात जातो.

अशा तपशिलांवर मी फारसा भांडत नाही. भांडतो ते एका गोष्टीवर. कादंबरी म्हणजे रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, जहाजाची नोंदवही आणि फोनोग्राफवरचं बोलणं. हार्करच्या रोजनिशीत उतरवलेली एक चिठ्ठी सोडली तर काउंटच्या, म्हणजे ड्रॅक्युलाच्या, बाजूचा एकही कागद त्यात नाही. सुरुवातीच्या चार प्रकरणांनंतर तो फार थोडा दिसतो, आणि हार्करची बायको मीना हे सगळं टाइप करून तारीखवार लावते तेव्हा कुठे माणसांना कळतं की आपण कशाच्या तावडीत आहोत. म्हणजे राक्षसाला हरवण्याचं हत्यार ही एक नीट लावलेली फाइल आहे. काउंटला नायक करून प्रत्येक प्रसंगात आणलं की ती फाइल निरुपयोगी होते आणि मीना नुसती सुंदर मान उरते.

६. जेकिल आणि हाइड एकच, हे जगाला माहीत आहे. मग रहस्य राखायचं कशासाठी?

प्रश्न रास्त आहे, पण १८८६ साली हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि स्टीव्हन्सननं पुस्तक त्या भरवशावर बांधलं. आपण चालतो अटरसन नावाच्या मितभाषी वकिलाबरोबर. त्याच्या तिजोरीत मित्राचं, म्हणजे जेकिलचं, विचित्र मृत्युपत्र आहे, आणि त्याला वाटतं मित्राला कोणीतरी ब्लॅकमेल करतंय. खरं काय ते शेवटच्या दोन प्रकरणांत, दोन पत्रांतून उघडं पडतं. रूपांतरं सुरुवातीलाच प्रयोगशाळेत शिरतात आणि अटरसनला हाकलून देतात.

रहस्य आता उरलं नाही हे कबूल. पण अटरसनच्या नजरेत अजून एक गोष्ट आहे: प्रतिष्ठित माणसं एकमेकांना नको ते प्रश्न कसे विचारत नाहीत. ती मात्र शिळी झालेली नाही.

आणखी एक. पुस्तकातला हाइड जेकिलपेक्षा लहानखुरा आणि तरुण आहे. जेकिलचा जुना मित्र डॉक्टर लॅन्यनच्या दारात तो येतो तेव्हा कपडे उंची कापडाचे पण अंगावर लोंबणारे, विजार जमिनीवर लोळू नये म्हणून दुमडलेली. कारण जेकिलची वाईट बाजू आजवर फार वापरलीच गेली नव्हती, वाढ खुंटलेली होती. पडद्यावर हाइड बहुतेकदा केसाळ, दणकट होतो. मला तो बापाची विजार घातलेला पोरगाच जास्त भीतिदायक वाटतो.

७. सगळं तसंच ठेवायचं तर रूपांतर करायचंच कशाला? पुस्तक आहेच की.

माध्यम बदललं की 'तसंच' ठेवण्यासाठीच डोकं चालवावं लागतं. माझं आवडतं उदाहरण सुझन हिलच्या 'द वुमन इन ब्लॅक'चं (१९८३). पुस्तकात म्हातारा होत आलेला आर्थर किप्स आपली हकिगत कागदावर उतरवतो. स्टीव्हन मॅलाट्रॅटनं १९८७ साली नाटक केलं, ते मोजक्या पैशात. त्यानं काय केलं, तर किप्स आपलं बाड घेऊन नाट्यगृहात येतो आणि एका नटाला म्हणतो, हे मला घरच्यांना सांगायचंय, शिकव. नट तरुण किप्स होतो आणि किप्स बाकी सगळी माणसं. वेताची एक मोठी पेटी कधी टेबल होते, कधी घोडागाडी. 'सांगणं' हाच पुस्तकाचा गाभा, आणि नाटकानं तोच रंगमंचावर उभा केला. १९८९ ते २०२३ हे नाटक लंडनच्या वेस्ट एंडमध्ये चाललं.

२०१२चा सिनेमा घ्या. पैसा भरपूर, घर देखणं. शेवटी किप्स आणि त्याचा मुलगा रेल्वेखाली जातात आणि मेलेल्या पत्नीला भेटतात. पुस्तकात किप्स उरतो. मूल आणि बायको गमावून उरतो, आणि म्हणूनच लिहितो. सिनेमात ही गोष्ट सांगायला माणूसच ठेवलेला नाही, वर ती ताटातूट संपल्याचं समाधान.

८. पुस्तक मोठं आहे, अर्धं कापलं तर काय बिघडतं?

कुठलं अर्धं, त्यावर आहे. 'वदरिंग हाइट्स'ची ३४ प्रकरणं. १९३९च्या सिनेमानं हीथक्लिफच्या प्रेयसीच्या, कॅथरिनच्या, मृत्यूनंतरची पुढची पिढीच गाळली. पहिल्या अर्ध्यात हीथक्लिफवर अन्याय होतो. दुसऱ्या अर्ध्यात तो तोच अन्याय लहान पोरांवर करतो, स्वतःच्या मुलावरसुद्धा. फक्त पहिलं ठेवलं की तो दुखावलेला प्रियकर ठरतो. शार्लट ब्राँटेच्या 'जेन आयर'मधला, जेनला लग्नाची मागणी घालणाऱ्या पाद्री सेंट जॉन रिव्हर्सचा भाग आखडला तर कादंबरी तग धरते. इथे धरत नाही.

९. मग लांबलचक मालिका केली की प्रश्न मिटला?

वेळ मिळतो, एवढंच. बीबीसीचा १९७७चा 'काउंट ड्रॅक्युला' पुस्तकाच्या खूप जवळ आहे आणि तो काही अनेक सीझनचा नव्हता. उलट दहा भाग भरायचे म्हणून प्रत्येक पात्राला दुःखी बालपण चिकटवलं की प्रश्न २ मधल्या तिन्ही गोष्टी हातच्या जातात. सगळ्यांचं सगळं कळतं.

१०. थोडी प्रेमकथा घातली तर प्रेक्षक येतात. त्यात वावगं काय?

ही खोड जुनी आहे. १८८७ साली बोस्टनला जेकिल-हाइडचं नाटक झालं तेव्हाच जेकिलला वाग्दत्त वधू देऊन झाली होती. पुस्तकात अशी कोणी नाही.

१९९२च्या सिनेमाचं माझं खटकणं शीर्षकापासून आहे. 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला' असं नाव आणि कणा मात्र असा की मीना ही काउंटच्या शतकांपूर्वी मेलेल्या पत्नीचा पुनर्जन्म. स्टोकरच्या पुस्तकात हे कुठेच नाही. तिथे काउंट मीनाला जबरदस्तीनं रक्त पाजतो. बाकी त्या सिनेमात रोजनिश्या, फोनोग्राफ, सगळं प्रेमानं राखलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं. दिग्दर्शक कोपोलानं स्वतःचं नाव शीर्षकात घातलं असतं तर तक्रार नव्हती.

११. आधी पुस्तक वाचू की सिनेमा बघू?

आधी पुस्तक. 'जेकिल आणि हाइड' एका बैठकीत होतं. 'ड्रॅक्युला'चा मधला भाग रेंगाळतो, तिथे चिकाटी ठेवा.

१२. सेन्सॉरनंच बदल करायला लावला तर दिग्दर्शकाचा दोष कसा?

नाहीच. डॅफ्नी द्यू मोरिएच्या 'रेबेका' (१९३८) या कादंबरीची गोष्ट यासाठी चांगली. निर्माता डेव्हिड सेल्झनिक पुस्तकाला धरून राहण्याबद्दल इतका काटेकोर की हिचकॉकचा पहिला आराखडा त्यानं बाजूला सारला. पण तेव्हाच्या हॉलिवूड आचारसंहितेत पत्नीला ठार मारणारा नवरा शिक्षेवाचून सुटू शकत नव्हता. कादंबरीत मॅक्सिम आपल्या पहिल्या बायकोला, रेबेकाला, गोळी घालतो. १९४०च्या सिनेमात ती पडून डोक्याला मार लागून मरते.

बदल एका वाक्याचा, नुकसान मोठं. पुस्तकात नव्या बायकोला कळतं की आपला नवरा खुनी आहे, आणि तिला काय होतं, तर आनंद! त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं म्हणून आनंद. आपणही तिच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो आणि मग स्वतःची लाज वाटते. अपघात झाला की लाज वाटायचं कारण उरत नाही.

तरी हा सिनेमा मी वारंवार बघतो. कबुलीच्या प्रसंगात मॅक्सिम बोलत असतो आणि कॅमेरा रिकाम्या खोलीत फिरतो: ती इथे बसली होती, इथून उठली, इकडे आली. सोफा, राखदाणी, दार. रेबेकाचा चेहरा पूर्ण सिनेमाभर दिसत नाही, नायिकेला स्वतःचं नाव मिळत नाही, दोन्ही पुस्तकासारखं. जिथे हात बांधलेले नव्हते तिथे त्यांनी मूळ राखलं.

१३. पुस्तकात भूत खरं की भास हेच कळत नसेल, तर सिनेमात काय दाखवायचं?

हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'बद्दल (१८९८) हे हमखास विचारलं जातं. तिथली हकिगत मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेनं लिहिलेली, ती मेलेली, आणि वाचून दाखवतोय तिसराच माणूस. तिला दिसतं म्हणून भूत आहे.

जॅक क्लेटननं १९६१च्या 'द इनोसंट्स'मध्ये भूत दाखवलं, पण आधी तिचा चेहरा दाखवला, मग तिला काय दिसलं ते. तळ्यापलीकडे लव्हाळ्यांत उभी काळ्या कपड्यांतली बाई, लांब, स्तब्ध. दिसतं आणि तरी खात्री होत नाही. बेंजामिन ब्रिटननं १९५४ साली याच कथेचा ऑपेरा केला. त्यात दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोन्ही भुतं शिक्षिकेच्या गैरहजेरीत एकमेकांशी गातात. संगीत अंगावर काटा आणणारं, पण तिच्यामागे बोलतात म्हणजे भुतं आहेतच. ऑपेरात पात्रानं गायलंच पाहिजे, ही अडचण मी समजू शकतो. सिनेमाला ती सबब नाही.

१४. जुन्या कादंबऱ्यांत वंशाबद्दल, वेड लागलेल्या बायकांबद्दल घाणेरडे पूर्वग्रह आहेत. तेही जपायचे?

पुसून टाकू नका, कोणाच्या तोंडचे आहेत ते दाखवा. 'जेन आयर'मधल्या बर्था मेसनबद्दल आपल्याला कळतं ते जवळजवळ सगळं रॉचेस्टरकडून, म्हणजे तिला माळ्यावर कोंडणाऱ्या नवऱ्याकडून. पडद्यावर तो सांगत असताना जेनच्या चेहऱ्यावर एक क्षण शंका दिसली तरी पुरे. पुस्तकात ती त्याला सुनावतेच की वेड हा तिचा दोष नव्हे. बर्थाची बाजूच मांडायची असेल तर जीन ऱ्हीसनं १९६६ साली केलं तसं करा: 'वाइड सरगॅसो सी' हे वेगळं पुस्तक, वेगळं नाव.

आणि कधी कधी मुळाकडे गेलं की पूर्वग्रह उलट सिनेमाचा निघतो. हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला, सावळा, परका पोर आहे. घरातले त्याला वर्णावरून हिणवतात. दशकानुदशकं ती भूमिका गोऱ्या नटांकडे गेली. अँड्रिया आर्नल्डनं २०११ साली कृष्णवर्णीय नट घेतले तेव्हा 'हा बदल कशाला' असं विचारणाऱ्यांनी पुस्तक उघडून बघायला हवं होतं.

१५. लेखकानंच पुस्तक बदललं असेल तर मूळ कुठलं?

'फ्रँकेनस्टाइन' १८१८चं आणि मेरी शेलीनं सुधारलेलं १८३१चं. पहिल्यात एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण, दुसऱ्यात मिलानजवळ सापडलेली पोरकी मुलगी. आणि दुसऱ्यात व्हिक्टरच्या वागण्यापेक्षा नियतीवर जास्त भार. ऑस्कर वाइल्डचं 'डोरियन ग्रे' १८९०च्या मासिकात १३ प्रकरणांचं होतं, १८९१च्या पुस्तकात २० झालं. एक आवृत्ती निवडा आणि तिला धरून राहा, इतकंच मी म्हणेन. दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचललं की व्हिक्टर अर्धा दोषी, अर्धा नियतीचा मारा खाल्लेला असा काहीतरी निघतो. मी १८१८च्या बाजूचा.

१६. मुळाला सोडूनही तुम्हाला पटलेली एखादी गोष्ट आहे का?

आहे, आणि ती ज्या नाटकाला प्रश्न ४ मध्ये नावं ठेवली त्याच नाटकातली. १८२३च्या 'प्रिझम्प्शन'च्या जाहिरातपत्रकावर पात्रांची नावं होती, त्यात टी. पी. कुक या नटासमोर पात्राच्या जागी नुसती रेघ. मेरी शेली स्वतः प्रयोगाला गेली होती. अनामाला नाव देण्याची ही बिननावाची तऱ्हा बरी आहे, असं तिनं पत्रात लिहिलं. १९३१च्या सिनेमानं सुरुवातीच्या श्रेयनामावलीत 'द मॉन्स्टर'समोर नटाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह छापलं. दोघांनी त्या प्राण्याची वाचा काढून घेतली, नोकर घुसडला, सिनेमानं तर मेंदूही बदलला. नाव मात्र दिलं नाही.